ओला बारदाना

दिलीपचा घाम थांबला तेव्हा मला कळलं, हा आता हातचा जातो. उन्हात काम करणारा माणूस घामानं निथळत असतो तोवर फार काळजी करायची नसते. अंग कोरडं पडलं, कातडी तव्यासारखी तापली आणि माणूस वेडंवाकडं बरळायला लागला की मात्र घाई करावी लागते. माझा मुलगा रस्त्याच्या कडेला बाभळीच्या बुडाशी पडला होता आणि म्हणत होता, "सेंट्रिंग खोला... सेंट्रिंग खोला." मग छताच्या फळ्या काढायचं ते कामावरचं बोलणंही बंद झालं. बाभळीला सावली अशी नव्हतीच, नुसती जाळी पडल्यासारखी उन्हाची ठिगळं होती. बाटली कधीचीच रिकामी झाली होती. माझी सून सुनीता ती बाटली पुन्हा पुन्हा उलटी करून त्याच्या ओठांवर धरत होती. एक थेंब येत नव्हता, तरी धरत होती. "आत्याबाई, काही करा ना," ती म्हणाली. काय करू? मी रस्त्याकडे पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक गाडी नाही. एरवी या रस्त्यावर ट्रकच्या धुरानं डोळे चुरचुरतात.

आम्ही सौंसर तालुक्यातली माणसं, मोहगावच्या पुढं आमचं गाव. पण पोट नागपूरला. दिलीप मिस्त्री आहे, भिंत बांधतो, प्लास्टर करतो. सुनीता आणि मी रेजा, म्हणजे डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बाया. ज्या बिल्डिंगीवर काम, तिथंच टिनाची खोली करून राहायचं. बिल्डिंग पुरी झाली की टिन उचलायचे, दुसरीकडे जायचं. अशा किती घरांत मी पहिल्यांदा चूल पेटवली असेल आणि नंतर त्याच घरांच्या फाटकातून मला आत घेतलं नसेल. त्याचं मला वाईट वाटत नाही. काम होतं, केलं. ज्या दिवशी हात चालला त्या दिवशी चूल पेटली, असा आमचा हिशेब.

बिमारी आली आणि सगळं बंद करा म्हणाले, तेव्हा आम्हाला वाटलं, होळीसारखी चार दिवसांची सुटी आहे, मग ठेकेदार बोलावेल. मुकादम पहिले काही दिवस आटा आणि डाळ देऊन गेला. मग त्याचा फोन लागेना. मग सायटीवरच्या टाकीच्या मोटरला कोणीतरी कुलूप घातलं. सायटीच्या चौकीदाराला मी विचारलं, "बावा, काम बंद आहे, तहान थोडीच बंद आहे?" तो म्हणाला, "मावशी, मलाही वरून सांगितलंय." वरून म्हणजे कुठून, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. आजूबाजूचे टिन एकेक करून रिकामे झाले. बालाघाटवाले गेले, शिवनीवाले गेले. ठिय्यावर, म्हणजे जिथं सकाळी मजूर उभे राहतात आणि मालक येऊन निवडतात त्या चौकात, एक चिटपाखरू नव्हतं. मग आम्हीही निघालो.

सावनेरपर्यंत ठीक गेलं. पुढं दोन राज्यांच्या हद्दीच्या नाक्यावर अडवलं. इकडचे म्हणत, इथून जाऊ देत नाही, तिकडचे म्हणत, इकडे येऊ देत नाही. एक शिपाई चांगला होता. तो तोंड फिरवून उभा राहिला आणि न बोलल्यासारखं बोलला, "मी इकडे पाहून राहिलो, तुम्ही बागांमधून जा." मग आम्ही संत्र्यांच्या बागांमधून धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं चाललो. उन्हं चढायच्या आत बरीच वाट कापायची असं ठरवून निघालो होतो, तो सारा वेळ नाक्यावर गेला. वाटेतल्या गावांनी आपल्या वेशीवर बोरीच्या काट्या आणून टाकल्या होत्या. आत यायचं नाही. एका गावाच्या काट्यांपलीकडून एका बाईनं घागर ठेवली आणि लांब जाऊन उभी राहिली. आम्ही ते पाणी प्यालो, बाटली भरली, तिला हात जोडले. तिनंही जोडले. त्या बाईचं तोंड मी पाहिलं नाही, पदर होता. पुढच्या गावानं काट्यांवर काठी घेतलेली माणसं बसवली होती. एकाच रस्त्यावरची ही दोन गावं. त्यांच्यात काय फरक होता, हे मी अजून शोधते आहे.

तर बाभळीखाली मी बसले होते आणि मला राग आला. रडू आलं नाही, राग आला. आमच्या भागात जामसावळीला मारुती आहे. सगळ्या गावांत मारुती उभा असतो, इथं पिंपळाखाली आडवा, झोपलेला. मी लहान होते तेव्हा आईला विचारलं होतं, "हा झोपला काऊन?" आई म्हणाली, "देवाले असं विचारत नाही." एका पुजाऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, खाली धन आहे, ते चोरांनी नेऊ नये म्हणून आडवा झाला. मला ते पटलं नव्हतं. धनासाठी मारुती कशाला आडवा होईल? दरवर्षी दर्शनाला जायची आणि दरवर्षी तोच प्रश्न घेऊन परत यायची. त्या दिवशी बाभळीखाली मी नवस बोलले नाही, नारळ कबूल केला नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "झोपून काय राहिला रे? ऊठ ना आता." सुनीतानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मलाही ऊन लागलं.

आणि उठले ती मीच. उभं राहून चारी बाजूंना पाहिलं. मघाशी बसून जे दिसत नव्हतं ते दिसलं. रस्त्यापासून आत, पळसाच्या झुडपांपलीकडे, काही खांब उभे होते. वर छत नाही, सळया आकाशाकडे निघालेल्या. अर्धवट सोडलेलं काम. अशी अर्धवट कामं आम्ही सकाळपासून कितीतरी पाहिली होती, सगळी सुनसान. मी मान फिरवणारच होते. पण खांबांना बारदाना गुंडाळलेला होता आणि तो बारदाना काळा होता.

ज्यानं कधी सिमेंटचं काम केलं नाही त्याला हे सांगावं लागेल. नवीन ओतलेला खांब कोरडा पडला तर तडकतो, म्हणून त्याला पोत्याचा बारदाना बांधतात आणि त्यावर रोज पाणी मारतात. याला आमच्याकडे तराई म्हणतात. हे काम रेजाचं. वाळलेला बारदाना दुरून पांढुरका, मळक्या दुधासारखा दिसतो. ओला असला तर काळपट. मे महिन्याच्या उन्हात ओला बारदाना वाळायला काय वेळ लागतो? म्हणजे तिथं आत्ताच कोणीतरी पाणी मारलं होतं. पाणी होतं आणि माणूस होता. मी सुनीताला म्हटलं, "पाय धर." तिनं पाय धरले, मी बगला धरल्या आणि सिमेंटची गोणी नेतो तसा आम्ही माझा मुलगा नेला.

ते एक लहानसं मारुतीचं देऊळ होतं, त्याच्यापुढं मंडपाचे खांब. बाजूला विहीर. विहिरीवर दोराला बालटी बांधून एक म्हातारा पाणी ओढत होता. धोतर गुडघ्यापर्यंत, तोंडाला दुपट्टा. आम्हाला पाहून त्यानं बालटी खाली ठेवली आणि हात पुढं केला.

"तिथंच थांबा! पहिले तोंड बांधा वं."

"बांधलंच आहे जी. पोराले ऊन लागलं."

"बिमारी तं नाही ना?"

"बिमारी असती तं नागपूरपासून चालत आलो असतो का?"

"नाही वं बाई," तो मागं सरकला. "मले मना आहे. गाववाल्यांनी सांगितलं, कोणाले येऊ देशीन तं तुलेही गावाबाहेर काढू."

"तुम्ही तं बाहेरच राहता जी," मी म्हटलं, कारण देवळाच्या ओट्यावर त्याची पथारी आणि तीन दगडांची चूल दिसत होती.

त्यानं वळून आपल्या पथारीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हाव. हे तं खरं आहे," आणि बालटी उचलून आमच्याकडे निघाला.

पुढचं मी ठरवून केलं नाही. हातांना जे येतं ते हात करतात. मी जवळच्या खांबाची सुतळी तोडली, ओला बारदाना उकलला आणि दिलीपला त्यात गुंडाळलं, छातीपासून मांड्यांपर्यंत, जसा खांब गुंडाळतात तसा. दुसऱ्या खांबाचा काढला, तो डोक्याला आणि मानेला लावला. म्हातारा ओरडला, "खांब कायले उघडा करून राहिली वं? ठेकेदार मले रागवीन!"

"कुठी आहे ठेकेदार?"

"मले काय मालूम."

"मंग रागवीन कोण? पाणी टाका."

त्यानं पाणी टाकलं. मग तो विहिरीकडे गेला आणि बालटी घेऊन आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. सुनीता पदरानं वारा घालत होती. मी बारदान्यावर हात फिरवत होते, तापला की म्हणायची, "इथं टाका," आणि तो तिथं टाकायचा. ओल्या मातीचा आणि तागाचा वास येत होता. माझ्या आयुष्यात मी किती खांबांना पाणी मारलं असेल, पण एकालाही मी "ऐक रे" म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. देवळातला मारुती शेंदूर लावून उभा होता. त्याच्याकडे पाहायला मला सवड नव्हती.

उन्हं कलायला लागली तेव्हा दिलीपच्या कपाळावर मला ओल दिसली. बोटानं पुसली, पुन्हा आली. चव घेतली तर खारट. विहिरीचं पाणी गोड होतं. म्हणजे घाम. सुनीतानं माझ्या तोंडावरूनच ओळखलं आणि ती त्याच्या उशाशी बसली. थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. वर पाहत राहिला. आम्ही तिघं त्याच्यावर वाकलो होतो, पण तो आमच्याकडे पाहत नव्हता. तो आमच्या मागच्या उघड्या खांबाकडे पाहत होता. मग फाटक्या आवाजात म्हणाला, "माय, हा खांब ओळंब्यात नाही."

म्हातारा उखडला. "पाहा वं, मरता मरता वाचला अन् देवाच्या खांबाले नावं ठेवून राहिला!"

मी हसले. त्या महिन्यांत मी पहिल्यांदा हसले असेन. मी उठून पाहिलं, एक डोळा मिटून. खांब खरंच वाकडा होता.

म्हाताऱ्याचं नाव झिबलजी. त्यांनी गूळ आणि मीठ पाण्यात कालवून दिलं, दिलीपनं घोट घोट घेतलं. आम्हाला कण्या शिजवून दिल्या आणि आमच्यापासून लांब बसून स्वतः खाल्ल्या. मग मला राहवेना. ओला बारदाना दिसला तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यात कुसळासारखी टोचत होती. खांबाला पंधरा दिवस पाणी खूप झालं. हे कामही सगळ्या कामांसारखं होळीनंतर लगेच थांबलेलं, आणि आता तर मे महिना. म्हणजे ही तराई कधीच संपायला हवी होती. मी विचारलं, "एवढे दिवस पाणी कोणी मारते का जी? आतापर्यंत तं खांबाचं लोखंड झालं असन."

झिबलजी म्हणाले, "ठेकेदारानं सांगितलं होतं, सकाळी, दुपारी, सांजच्याले पाणी मारायचं. मी सांगत नाही तोवर थांबायचं नाही. मंग ते बंद झालं सारं. तो आलाच नाही. त्यानं सांगितलंच नाही."

"तुम्ही बांधकामावर होते का कधी?"

"मी कायले? मी ढोरं चारत होतो. आता ढोरं नाहीत, म्हणून गावानं इथं बसवलं."

"मंग तुम्हाले वाटलं नाही का, की खूप झालं?"

"वाटलं ना. मंग वाटलं, देवाचं काम आहे, याले जास्त पाणी लागत असन." मग ते म्हणाले, "गावचे पोट्टे हसतात. म्हणतात, झिबल खांबाले पाणी घालून राहिला, पालवी फुटली का पाहा. हसू दे. मले काय दुसरं काम आहे?"

मी पुष्कळ लोकांना हे सांगितलं आहे. ऐकणारे लगेच हात जोडतात आणि म्हणतात, मारुतीनंच म्हाताऱ्याचं रूप घेतलं. मी त्यांना म्हणते, मारुतीच्या पायाला एवढ्या भेगा नसतील आणि मारुती विडी मागणार नाही. झिबलजींनी दिलीपजवळ विडी मागितली होती. तो माणूसच होता. पण माणूस असल्यानं माझा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. एका ठेकेदाराकडून निरोप द्यायचा राहून गेला. एका म्हाताऱ्याला काम कळत नव्हतं. कळत असतं तर त्यानं एप्रिलमध्येच बालटी ठेवून दिली असती आणि बारदाने वाळून पांढरे झाले असते, आणि मी मान फिरवून पुन्हा बाभळीखाली बसले असते. झिबलजी रोज ते निरुपयोगी पाणी ओढत होते तेव्हा दिलीप नागपूरला टिनाच्या खोलीत धडधाकट बसला होता. मग ते पाणी कोणासाठी चाललं होतं? मी हे पुष्कळ उलटंपालटं करून पाहिलं. आता मी उत्तर मागत नाही, फक्त मधून मधून पुन्हा पाहते, जसं बांधलेल्या भिंतीला जाता जाता हात लावून पाहतो.

दिलीपला चालता येईना, म्हणून आम्ही तिथं थांबलो. गावाला कळलं. काठीवाली माणसं आली, लांबून ओरडली. झिबलजींनी त्यांना सांगितलं, "मजूर आहेत, खांब पाहायले आले." हे खोटं म्हणावं का? दिलीपनं खांब पाहिला तर होताच. ती माणसं पुटपुटत गेली, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी पळसाच्या झुडपाजवळ भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवून गेलं. मग एक भाजीची गाडी पास लावून जात होती, तिनं आम्हाला मोहगावच्या फाट्यावर सोडलं. गावाच्या शाळेत आम्हाला वेगळं ठेवलं, मग घरी आलो.

काम पुन्हा सुरू झालं ते पावसाळ्यानंतर, आणि तेही पहिल्यासारखं नाही. ठिय्यावर माणसं जास्त आणि मालक कमी. जो काल मिस्त्री होता तो आज घमेलं उचलायला तयार. म्हाताऱ्या बायांकडे तर कोणी पाहीना. दिलीपला ऊन सहन होत नाही आता, थोडं तापलं की हात थरथरतात, म्हणून तो सकाळी लवकर लागतो आणि उन्हाच्या आत उतरतो. असा मिस्त्री शहरात चालत नाही. तो आता सौंसरमध्ये लहानसहान कामं करतो, कोणाचं न्हाणीघर, कोणाचा ओटा. सुनीता त्याच्या हाताखाली असते. मी तराई करते. लोक घर बांधतात आणि पाणी मारायला विसरतात, त्यांना मी लागते. पोटापुरतं होतं, कधी होतही नाही.

देवळं उघडली तेव्हा मी जामसावळीला गेले. म्हटलं, बोलणी दिली होती, तोंड तर दाखवावं. मारुती तसाच झोपला होता. मी खूप वेळ पाहत उभी राहिले, मागच्या बाईनं ढकललं तरी. मला वाटत होतं, मी ऊठ म्हटलं तेव्हा हा उठला असेल. तसं काही दिसलं नाही. मग एक गोष्ट मनात आली आणि मी तिथंच हसले. याला उठायची गरजच काय होती? यानं होळीपासून झिबलजीला कामाला लावून ठेवलं होतं. झोपणारा माणूस तोच, ज्याचं काम सगळं लावून झालेलं असतं. लहानपणीच्या प्रश्नाचं हे उत्तर बरोबर आहे की नाही, ठाऊक नाही. धनाच्या गोष्टीपेक्षा मला ते बरं वाटतं.

मी विचारणारी बाई आहे. मला झिबलजींसारखं जमलं नसतं. मी तिसऱ्या आठवड्यात ठेकेदाराला शिव्या देऊन बालटी विहिरीत टाकली असती. त्यांनी विचारलं नाही, कोणासाठी, कुठवर, काय उपयोग. सांगितलं होतं तेवढं करत राहिले आणि बाकीचं ज्याचं त्याच्यावर सोडलं. आता मी कोणाच्या घरी पाणी मारते तेव्हा दोन दिवस जास्तीचे मारते. मालक म्हणतो, "मावशी, झालं ना." मी म्हणते, "असू द्या."

पुढच्या वर्षी दिलीपनं तो वाकडा खांब फोडून सरळ बांधून दिला आणि मंडपावर छत घातलं गेलं. त्याआधी उन्हाळ्यात बिमारी फिरून आली होती, पहिल्यापेक्षा वाईट. त्यात झिबलजी गेले. आम्ही खांब फोडायला गेलो तेव्हा कळलं. विहिरीवर त्यांचा दोर तसाच होता. गावातल्या बाईनं सांगितलं, अंग तापलं तरी दोन दिवस पाणी मारत होते. मी तिला विचारलं, त्यांच्याजवळ कोण होतं? ती म्हणाली, कोणी नव्हतं.

दिलीप जगला. सुनीता जगली. मी जगले. झिबलजी नाही जगले.